भीतीतला नमस्कार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आपल्याकडे गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. सात दिवस पोथी, एकभुक्त, सोवळं-ओवळं, आणि पौर्णिमेला जन्मकाळ. वाचन संपवून पोथी रुमालात बांधली की चार जण तिथेच टेकतात आणि जरा बोलणं होतं. ह्या बोलण्यात एक प्रश्न दरवर्षी कुठून तरी येतोच. कुणी म्हणतं, "एवढी वर्षं दत्ताचं करतोय, तरी रात्री-अपरात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. मग आपली श्रद्धा कच्चीच म्हणायची का?" लगेच दुसरा म्हणतो, "पोथीत सांगितलंय तसं प्रत्येक वेळी देवाचे आभार मानावेत, हे ऐकायला बरं वाटतं. पण जीव टांगणीला लागलेला असताना आभार कसले मानायचे? आभार काम झाल्यावर मानतात."

दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि आपल्या वयाच्या माणसांचे तर रोजचे आहेत. मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. पण ह्या प्रश्नांवर बराच विचार केला आहे, तो आपल्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न भीतीचा. भीती वाटणं म्हणजे श्रद्धा नसणं, असं आपल्या मनात कुणी भरवलं कोण जाणे. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाची काय अवस्था झाली ते आठवा. तो काही भित्रा माणूस नव्हे. त्याच्या तोडीचा धनुर्धर दुसरा नव्हता आणि प्रत्यक्ष भगवंत त्याच्या रथावर बसलेले होते. तरी विश्वरूप पाहिल्यावर त्याला कापरं भरलं, कंठ दाटून आला. त्याच अवस्थेत, घाबरलेला असतानाच, त्याने हात जोडले आणि स्तुती केली. भगवंतांनी त्याला, "घाबरतोस म्हणजे तुझी भक्ती खोटी," असं म्हटलं नाही. त्यांनी आपलं सौम्य रूप दाखवून त्याला धीर दिला. इथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. नमस्कार आधी झाला, धीर नंतर आला. भीती गेल्यावर नमस्कार करू म्हणून अर्जुन थांबला नाही.

आपल्या गुरुचरित्रातला चौदावा अध्याय घ्या. कितीतरी घरांत हा एकच अध्याय रोज वाचतात, संकट आलं की तर नक्कीच वाचतात. सायंदेव एका क्रूर राजाच्या चाकरीत. तो राजा दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घ्यायचा, आणि ह्या वेळी बोलावणं सायंदेवांना आलं. गोदावरीतीरी श्रीगुरूंची भेट झाली तेव्हा त्यांनी आपलं दुःख सांगितलं. श्रीगुरूंनी अभय दिलं. सायंदेव गेले, राजाची मती फिरली, वस्त्रं-अलंकार देऊन त्याने त्यांना परत पाठवलं. कथा आपल्याला पाठ आहे, म्हणून तिच्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. श्रीगुरूंनी ते बोलावणं रद्द केलं नाही. "जाऊ नकोस, घरी बस," असं सांगितलं नाही. जा म्हणाले. आणि तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत, असा भरवसा दिला. त्या वाड्यापर्यंतची वाट सायंदेवांना स्वतःच्याच पायांनी चालावी लागली. ते अंतर त्यांनी अगदी निर्धास्त, गाणी गुणगुणत काटलं असेल असं मला वाटत नाही. विश्वास होता, म्हणून पाय उचलले. पायांत कंप असेलही. पण पाऊल पुढे पडलं, एवढं पुरे आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं वाटतं. भीती देहाची आहे, ती येणारच. ती आल्यावर आपण तोंड कुठे वळवतो, त्यावर श्रद्धा ठरते. लहान मूल घाबरलं की आईकडे धावतं. ते घाबरलं म्हणून त्याचा आईवर विश्वास नाही, असं कुणी म्हणत नाही.

पण खरी अडचण इथून पुढे आहे. सायंदेवांना आधीच शब्द मिळाला होता. आपल्याला कोण देतो? तपासणीचा रिपोर्ट चांगला येईल, मुलाची नोकरी टिकेल, रात्रीत पाणी उतरेल, असं कुणी येऊन सांगत नाही. आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तर भीतीची उजळणी दर पावसाळ्यात होते. कुंडलिका भरून वाहू लागली की काठच्या गावांना झोप नसते. १९८९ साली अंबा नदीने जांभूळपाड्याची काय दशा केली ते आपल्या पिढीने ऐकलंय, काहींनी पाहिलंय. २००५ च्या जुलैअखेर महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. २०१६ च्या २ ऑगस्टला रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, कौलं-पत्रे उडाले, आयुष्यभर जपलेल्या नारळी-पोफळी आणि आंब्याची झाडं दोन तासांत आडवी झाली. २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी. ही नावं नुसती उच्चारली तरी घास घशाखाली उतरत नाही.

सावित्रीवरच्या पुलाचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुलाबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. आपल्याच महामार्गाने, आपल्याच कोलाडच्या नाक्यावरून पुढे जायच्या त्या गाड्या. कोकणातला माणूस एस.टी. सुटताना हात जोडल्याशिवाय राहत नाही. त्या गाड्यांतल्या लोकांनीही जोडले असतील. मग त्यांचे हात जोडणं कमी पडलं का? तळीयेत, इर्शाळवाडीत घराघरांत देव्हारे नव्हते का?

ह्या प्रश्नाला बगल देऊन "देवावर विश्वास ठेवा, सगळं चांगलं होईल" असं लिहिणं सोपं आहे. पण ते खरं नाही, आणि आपल्या वयाला पोचलेल्या माणसाला ते पटतही नाही. आपण सगळ्यांनी कुणाला ना कुणाला खांदा दिलेला आहे.

अशा वेळी दोन प्रकारची वाक्यं कानावर येतात. एक म्हणजे, "आम्ही नामस्मरण करत होतो म्हणून वाचलो." म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, बिचारा मरणाच्या दारातून आलेला असतो. पण त्या वाक्याची दुसरी बाजू काय होते? जे गेले ते नामस्मरण करत नव्हते? ज्या बाईचं मूल ढिगाऱ्याखाली गेलं तिच्यासमोर हे वाक्य म्हणता येईल का? जे तिच्यासमोर म्हणता येत नाही ते देवासमोरही म्हणू नये, असं मला वाटतं.

दुसरं वाक्य त्याहून कठोर. "पूर्वजन्मीचं काहीतरी असेल त्यांचं." कर्माचा सिद्धांत आपल्या धर्मात आहे, पोथीत आहे, मी तो नाकारत नाही. पण तो स्वतःच्या खात्यापुरता पाहायचा असतो. बँकेत आम्हांला पहिल्या दिवशी शिकवायचे की एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही. शेजाऱ्याच्या कर्माचं पासबुक उघडून वाचायचा अधिकार आपल्याला दिलाय कुणी?

ह्या बाबतीत विनोबांनी फार चांगलं सांगून ठेवलंय. विनोबा आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण येतात. त्यांत पहिला गुण अभय आणि शेवटचा अतिमान नसणं, म्हणजे नम्रता. विनोबांनी ह्या गुणांना सैन्याची उपमा दिली. आघाडीला निर्भयता आणि पिछाडी सांभाळायला नम्रता. ही उपमा आपल्या प्रश्नाला तंतोतंत लागू पडते. संकटातून पार पडलेला माणूस जेव्हा "माझी भक्ती खरी होती म्हणून" असं म्हणू लागतो, तेव्हा त्याची आघाडी शाबूत असते, पण पिछाडी उघडी पडलेली असते.

मग न कळणाऱ्या दुःखाचं काय करायचं? मला पुन्हा बँकेतलीच गोष्ट आठवते. तेव्हा सगळं काम हाताने चालायचं. संध्याकाळी रोजकीर्द जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. कधी कधी एखादी रक्कम अशी यायची की ती कुणाची, कशासाठी, काही पत्ता लागायचा नाही. अशी रक्कम कुणाच्याही खात्यात दडपून द्यायची नसते, फेकूनही द्यायची नसते. ती सस्पेन्स खात्यात ठेवायची आणि खुलाशाची वाट पाहायची. त्या दिवसाचं काम मात्र बंद पडत नसे, ताळा जुळत असे. मोठ्या दुःखांचं मी तसंच करतो. त्यांना पाप, शिक्षा, परीक्षा असं कुठलं तरी शीर्षक चिकटवून मोकळं व्हायचं नाही. आणि "देवच नाही" म्हणून वहीही फाडायची नाही. खुलासा माझ्याजवळ नाही, तो वरच्या कचेरीत असेल. तोवर ती नोंद तिथे राहील, आणि मी आजचं काम करीन.

आता दुसरा प्रश्न, आभारांचा. संकट आलं म्हणून आभार मानायचे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. दरड कोसळली म्हणून देवाचे आभार मानणं, हा देवाचा आणि माणसाचा दोघांचा अपमान आहे. तुकोबारायांनी दुष्काळाबद्दल आणि निघालेल्या दिवाळ्याबद्दल देवाला बरंच झालं म्हणून सांगितलं, हे खरं. पण ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल सांगितलं. शेजाऱ्याच्या घरी जाऊन "तुझं दिवाळं निघालं ते बरं झालं" असं ते म्हणाले नाहीत. उलट परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. आयुष्य कर्जाच्या कागदांत घालवलेल्या मला त्याचं मोल नीट कळतं. त्यांच्या आभारांनी दुसऱ्यांच्या डोक्यावरचा बोजा उतरला. आभार खरे आहेत की तोंडदेखले, हे ओळखायची ह्याहून चांगली खूण मला माहीत नाही.

म्हणजे आभार संकटासाठी नाहीत, संकटात मानायचे आहेत. कशासाठी? ह्याचं उत्तर मला इस्पितळातल्या बाकड्यावर मिळालं. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातून एक गाठ निघाली होती आणि तिचा रिपोर्ट यायचा होता. आठ दिवस वॉर्डात काढले. मी जप करायला बसायचो, तर माळ हातात आणि मन रिपोर्टात. पण त्या आठ दिवसांत मी एक पाहिलं. भीती नेहमी उद्याची असते. उद्या काय निघेल, परवा काय होईल, आपलं कसं होईल. आणि आभार नेहमी मिळालेल्या गोष्टीचे असतात. सकाळी वॉर्डातल्या मावशींनी गरम पाणी आणून दिलं, ते मिळालेलं होतं. कोलाडहून शेजारी पहाटेच्या गाडीने डबा घेऊन आले, ते आलेले होते. हिला रात्री दोन तास झोप लागली, ती लागलेली होती. ह्या गोष्टी रिपोर्टवर अवलंबून नव्हत्या. रिपोर्ट कसाही आला तरी त्या खोट्या ठरणार नव्हत्या. मन उद्याच्या मागे पळत सुटलं की मी एकेक मिळालेली गोष्ट दत्तापुढे ठेवून "हे पावलं" म्हणायचो. भीती जायची नाही, पण पाय टेकायला जमीन मिळायची.

ही मनाची समजूत घालणं नव्हे काय, असं कुणी विचारील. मी म्हणेन, हा हिशेब आहे. ज्या कारकुनाने नावेची बाजू तेवढी लिहिली आणि जमेची कोरी ठेवली, त्याची वही खरी कशी म्हणायची? भीतीत आपण नेमकं तेच करतो. जे जाईल ते सगळं लिहून काढतो, जे हातात आहे ते टिपत नाही.

पुढे रिपोर्ट चांगला आला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा आला नाही. मुलगा पेढे आणायला निघाला, तर हिने त्याला थांबवलं. "इथे नको. घरी देवापुढे ठेवू." आणि स्वतःला धड चालता येत नसताना त्या बाईंच्या खाटेपाशी जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली, काही बोलली नाही. देवाचे आभार कसे मानावेत, ह्यावर मी इतकी वर्षं वाचलं-ऐकलं, त्यात ह्यापेक्षा चांगलं प्रवचन माझ्या पाहण्यात नाही.

नवसाबद्दल दोन शब्द. "हे होऊ दे, मग चौलच्या टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढून दर्शनाला येईन," असं आपण म्हणतो. त्याला कुणी लाच म्हणून नावं ठेवतात. मी ठेवत नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते पकडतो, आणि आपल्या आयाबायांनी नवस बोलूनच किती तरी काळरात्री काढल्या. पण नवस हा करार झाला, त्याला अट आहे. आभाराला अट नाही. नवस जरूर बोला, पण त्याच दमात, "काहीही झालं तरी दर्शनाला येईनच," एवढं जोडून टाका. ओझं एकदम हलकं होतं.

आणि भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असंही नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की आपल्या कुंडलिकेत मुंबई-पुण्याची मुलं रबरी होड्या घालतात. पैसे मोजून भीती विकत घेतात म्हणा ना! पण त्यांचं बघण्यासारखं असतं. होडीवरच्या माणसावर पूर्ण विश्वास असतो, तरी जाकीट अंगात घातलेलं असतं, डोक्यावर शिरस्त्राण असतं, आणि तो सांगेल तेव्हा वल्हंही मारतात. विश्वास आहे म्हणून कुणी जाकीट काढून ठेवत नाही. डॉक्टरांची गोळी वेळेवर घेणं, तहसीलदारांची सूचना आली की घर सोडून शाळेत जाऊन राहणं, मुलांना कागदपत्रं कुठे ठेवलीत ते सांगून ठेवणं, ही सगळी आपली जाकिटं आहेत. ती घालणारा दत्तावर अविश्वास दाखवत नाही. सायंदेवांनाही चालत जावंच लागलं होतं.

आपली परंपरा दुःखावर पांघरूण घालणारी नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. टेंबे स्वामींनी स्तोत्र रचलं, त्याचं नावच घोरकष्टोद्धरण. कष्ट आहेत, आणि ते घोर आहेत, हे आधी कबूल केलं, मग हाक मारली. आपणही रात्री दिवा मालवताना तसंच करावं. आधी दत्तापुढे आपली भीती नाव घेऊन सांगावी, तिला सोवळं नेसवू नये. मग त्या दिवशी पावलेल्या दोन-तीन गोष्टी मोजून सांगाव्यात. आणि शेवटी ज्याला आज आपल्याहून जास्त भीती असेल, अशा एखाद्या माणसाचं नाव घ्यावं, नि सकाळी उठून त्याला फोन करावा. पाच मिनिटांचं काम आहे. सोवळ्यात नसलात तरी चालतं.

शेवटी एकच सांगायचं. गुरुचरित्राच्या अखेरीला श्रीगुरू स्वतःच गाणगापूर सोडून श्रीशैलाकडे निघतात. भक्त रडू लागतात. तेव्हा त्यांनी दिलेला शब्द असा नव्हता की तुमच्यावर कधी संकट येणार नाही. शब्द असा होता की दिसलो नाही तरी मी इथेच आहे. आज गाणगापुरात निर्गुण पादुकांपुढे आपण डोकं टेकवतो ते त्याच शब्दाच्या भरवशावर. सायंदेवांनाही गोदावरीकाठी हाच भरवसा मिळाला होता. वाटेत आणि शेवटी काय होईल ते आपल्याला ठाऊक नाही. वाट पाहणारा आहे, एवढं ठाऊक आहे.

सायंदेव त्या दिवशी परत आले आणि त्यांनी श्रीगुरूंचे पाय धरले. त्यांच्यापासून मोजलं तर पाचव्या पिढीत सरस्वती गंगाधर झाले आणि त्यांच्या हातून गुरुचरित्र लिहून झालं. आज आपण रुमालातून सोडतो ती पोथी त्याच घराण्याने मानलेले आभार आहेत, आणि त्यावर कितीतरी भ्यालेली माणसं पोसली गेली. यंदाच्या सप्ताहात चौदाव्या अध्यायाला आलात की क्षणभर थांबा, आणि गावात, नात्यात जो कुणी आज आपल्या बोलावण्याला निघालेला आहे त्याच्यासाठी हात जोडा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.